हाताने प्रयोग होतात, पण विचार होतो का? वयोगटानुसार काय करावे?

मधली_सुट्टी (प्रश्न)

आठवड्याला ४५ मिनिटांचा एक तास, मुलांचे तीन गट: ५-६ वर्षे, ८-१० वर्षे आणि १३-१५ वर्षे. साहित्य साधेच आहे. दोरा, वॉशर, क्ले, फळ्या, मेणबत्त्या, सेल, टॉर्चचे बल्ब. मुलांना तास आवडतो, हात चालतात, मोठ्यांच्या वहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चारही मथळे भरलेले असतात. अडचण अनुमानाच्या ओळीत आहे. तिथे जे लिहिलेले असते ते प्रयोग न करताही लिहिता आले असते. ‘हे असे नसते, तर तुम्हाला कसे कळले असते?’ एवढे विचारले की सगळे गप्प.

कोणत्या वयात कशाची अपेक्षा ठेवायची? किती सांगायचे आणि किती शोधू द्यायचे? आणि विचारात फरक पडला हे ओळखायचे कशावरून? मापे, क्रम, कुठे फसते असे नेमके सांगितलेत तर फार उपयोग होईल. ‘मुलांना प्रश्न विचारू द्या’ इथपर्यंत वाचून झाले आहे.

लंबक

वहीत एक मथळा कमी आहे आणि तो सगळ्यांच्या आधी हवा: ‘माझा अंदाज आणि त्याचे कारण’. साहित्याला हात लावण्यापूर्वी, पेनने. एकदा निकाल डोळ्यांसमोर आला की ‘मला हेच वाटत होते’ असे प्रत्येकालाच वाटते, आणि ते खोटे बोलणे नसते, आठवण खरोखरच तशी वळते. लिहून ठेवलेला अंदाज वळत नाही. अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण हा क्रम रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टन यांनी १९९२ मध्ये सविस्तर मांडला आहे. त्यात मधली पायरी सोपी असते. खरे काम तिसरीत आहे, कारण अंदाज आणि निरीक्षण यांचा मेळ बसत नसेल तर दोन्हींपैकी कशावर शंका घ्यायची ते मुलाला ठरवावे लागते.

१३-१५ च्या गटाला लंबक द्या. बेर्बेल इनहेल्डर आणि ज्याँ पियाजे यांनी १९५० च्या दशकात मुलांचा तर्क कसा वाढतो हे पाहताना हाच वापरला होता. बदलण्यासारख्या गोष्टी चार दिसतात: दोऱ्याची लांबी, टांगलेले वजन, किती कोनातून सोडला, किती जोर दिला. झोका लहान ठेवला तर वेळ ठरवते ती एकच, लांबी.

कृती लिहून देऊ नका, आव्हान द्या. टेबलाच्या कडेबाहेर येईल अशी पेन्सिल चिकटपट्टीने घट्ट बसवा, दीड मीटर दोरा, टोकाला पेपरक्लिपचा आकडा, त्यात एक वॉशर. टेबल कमी उंचीचे असेल तर पेन्सिल कपाटावर बसवा, खाली मीटरभर मोकळी जागा लागते. लांबी २५ सेंटीमीटर ठेवून १० झोके मोजायला सांगा (जाऊन परत आला की एक झोका). साधारण १० सेकंद येतील. मग एवढेच म्हणा: ‘१० झोक्यांना २० सेकंद लागतील असा लंबक करा.’ जवळजवळ सगळे गट आधी लांबी दुप्पट करतील. ५० सेंटीमीटरला साधारण १४ सेकंद येतात. आता अडले. काही गट वजन वाढवतील, काही लांबून सोडतील, आणि इथून पुढची पंधरा मिनिटे तुम्ही बोलायचे नाही. उत्तर १०० सेंटीमीटर आहे. वेळ दुप्पट हवा तर लांबी चौपट. पण त्या उत्तरापेक्षा वजनाचा प्रश्न निकालात काढायला मुलांनी काय केले, ते पाहा.

फसते ते इथे:

वॉशर एकाखाली एक साखळीसारखे अडकवले की वजनाबरोबर लांबीही वाढते. लांबी टांगलेल्या टोकापासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची असते. २५ सेंटीमीटरच्या लंबकात तो मध्य ४ सेंटीमीटर खाली गेला तर १० झोक्यांचा वेळ १० वरून १०.८ सेकंदांवर जातो. तो गट प्रामाणिकपणे ‘वजन वाढले की वेळ वाढतो’ असे लिहितो. त्यांना दुरुस्त करू नका. ज्या गटाने सगळे वॉशर एकाच आकड्यात घातले त्यांना शेजारी उभे करा आणि विचारा, ‘दोघांनीही वजनच वाढवले. मग एकाचा वेळ का बदलला आणि दुसऱ्याचा का नाही?’ संपूर्ण तासातली सर्वांत मोलाची दहा मिनिटे हीच.

सोडताना ‘एक’ म्हटले तर १० च्या जागी ९ च झोके होतात आणि थेट १० टक्के चूक. सोडताना ‘शून्य’.

कोन २० अंशांच्या आत असला तर त्याचा परिणाम एक टक्क्याहून कमी, हातातल्या स्टॉपवॉचला दिसणार नाही. ६० अंशांपासून सोडला तर वेळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ‘कोनाने फरक पडत नाही’ हे वाक्यही एका मर्यादेतच खरे. एखाद्या गटाला हे सापडले तर ते चूक म्हणून खोडू नका!

दुसरा_बाक

लहानांबद्दल लिहितो. ५-६ वर्षांच्या मुलांकडून ‘एका वेळी एकच गोष्ट बदल’ याची अपेक्षा ठेवू नका. तीन गोष्टींची ठेवा: अंदाज तोंडाने बोलणे, तो हाताने तपासणे, आणि चुकला तर ती वस्तू बाजूला न सारणे. तिसरी सर्वांत अवघड आहे.

त्यासाठी तोल साधण्याचा खेळ. तीन लांबट पुठ्ठ्याची खोकी, साधारण २० सेंटीमीटर. एक रिकामे. दुसऱ्याच्या एका टोकाला बाहेरून दिसेल असा क्लेचा गोळा. तिसऱ्याच्या आत एका टोकाला ५० ग्रॅम वजन पक्के चिकटवून खोके बंद. तिन्ही बाहेरून सारख्याच रंगाची. टेकू म्हणून दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची लाकडी पट्टी. खोके २० ग्रॅमचे असेल आणि वजनाचा मध्य टोकापासून २ सेंटीमीटरवर असेल, तर तोल जड टोकापासून सव्वाचार सेंटीमीटरच्या आसपास साधतो. फरक डोळ्यांत भरतो. आतले वजन सरकत असेल तर सगळा खेळ बिघडतो, म्हणून आधी खोके हलवून आवाज येत नाही ना ते पाहा.

१९७० च्या दशकात ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ आणि इनहेल्डर यांनी अशाच ठोकळ्यांवर मुलांचे निरीक्षण केले. चार-पाच वर्षांची मुले हाताला जाणवेल तसे सरकवत तोल साधत. त्यांच्यापेक्षा मोठी, सहा-सात वर्षांची, ‘तोल मधोमध असतो’ हे ठरवून बसलेली असत आणि आत वजन लपवलेला ठोकळा ‘हा होतच नाही’ म्हणून बाजूला ठेवत. आठ-नऊच्या पुढची पुन्हा जमवू लागत, आता कारणासकट. मोठी मुले लहानांपेक्षा मागे पडली, असा याचा अर्थ लावू नये. त्यांच्याकडे नियम आला होता, अपवाद कसा हाताळायचा हे अजून यायचे होते.

म्हणून सहा वर्षांच्या मुलाने खोके बाजूला ठेवले तर उत्तर सांगू नका. डोळे मिटायला सांगा आणि बोटावर तोलू द्या. हात बरोबर जागी जातो. मग डोळे उघडून: ‘हाताला काय कळले जे डोळ्यांना दिसत नव्हते?’ इथे उत्तर आले नाही तरी चालेल. पुढच्या आठवड्यात तेच खोके पुन्हा ठेवा.

क्ले तुमच्याकडे आहेच, तर एकच कृती तिन्ही गटांना देता येते. प्रत्येकाला ५० ग्रॅम, वजन करून. तेलात मळलेली क्लेच घ्या, पाण्यात विरघळणारी माती पाच मिनिटांत टबाचा चिखल करते. गोळा बुडतो.

लहानांना: ‘याच मातीची तरणारी वस्तू करा.’ तरली की तीच माती पुन्हा तराजूवर ठेवा. ५० च ग्रॅम. ‘जड असते ते बुडते’ या वाक्याची परीक्षा इथे होते, तुम्ही काही बोलण्याची गरज नाही.

८-१० च्या मुलांना: होडीत एकेक वॉशर ठेवत जायचे, बुडण्याआधी किती बसले ते मोजायचे. इथे एक सापळा आहे. तळ रुंद केला की भिंती आपोआप बुटक्या होतात, कारण माती तेवढीच. ‘रुंद होडी चांगली’ असे लिहिणाऱ्याला विचारा, रुंदीशिवाय आणखी काय बदलले? वॉशर एका बाजूला पडले तर होडी भरायच्या आधीच कलंडते, तेव्हा ती फेरी मोजायची की नाही हा निर्णय मुलांनी घ्यायचा आणि तो सगळ्या गटांना सारखा लागू करायचा. भिंत तीनेक मिलिमीटरपेक्षा पातळ झाली की कोपऱ्यातून पाणी झिरपते.

१३-१५ च्या मुलांना: होडी न बुडवता आधी आकडा सांगा. काठापर्यंत बाहेरून मोजलेले आकारमान १२० मिलिलिटर असेल, तर होडी आणि माल मिळून १२० ग्रॅमपर्यंत तरेल. होडी ५० ग्रॅमची, म्हणजे मालाला ७०. प्रत्यक्षात ५५-६० लाच बुडाली तर का? काठ सगळीकडे सारख्या उंचीचा नसतो, पाणी सर्वांत खालच्या जागेतून आत येते. हे त्यांनीच शोधायचे.

खडू_फळा

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण ‘तुम्ही बोलायचे नाही’ हे ८-१० वर्षांच्या गटाला जसेच्या तसे लावू नका. तुलना कशी करायची हे त्या वयात बहुतेक मुलांना आपोआप सापडत नाही. ते कौशल्य आहे, शिकवावे लागते.

डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी २००४ मध्ये तिसरी-चौथीच्या मुलांचे दोन गट घेतले. साहित्य एकच: उतारावरून चेंडू सोडायचे. एका गटाला चांगली आणि वाईट तुलना म्हणजे काय ते उदाहरणे दाखवून समजावले, दुसऱ्याला स्वतः करून पाहायला सोडले. पहिल्या गटातल्या ७७ टक्के मुलांना निर्दोष तुलना रचता येऊ लागली, दुसऱ्यातल्या २३ टक्के. आणि ज्यांना आली, ती कोणत्याही मार्गाने आलेली असो, नंतर दुसऱ्यांचे प्रयोग तपासताना सारखीच चांगली ठरली. त्या २३ टक्क्यांकडे पाहून ‘मुले स्वतःच शिकतात’ म्हणणे उरलेल्यांवर अन्याय आहे.

पंधरा मिनिटांत असे शिकवता येते. मीटरभर लांबीच्या दोन फळ्या शेजारी शेजारी, खाली पुस्तके. बदलता येण्यासारखे चार: उंची, पृष्ठभाग (गुळगुळीत की कापड लावलेला), चेंडू, सोडण्याची जागा. मोजायचे ते उताराखाली चेंडू किती लांब गेला.

आधी मुद्दाम वाईट तुलना मांडा. एक फळी उंच, गुळगुळीत, त्यावर रबरी चेंडू. दुसरी बुटकी, कापडाची, त्यावर टेनिसचा चेंडू. पहिला लांब जातो. विचारा: ‘कापडामुळे चेंडू कमी जातो, हे यावरून नक्की झाले का?’ अर्धी मुले हो म्हणतील. मग प्रश्न फिरवा: ‘दुसरा कोणी म्हणाला की हे उंचीमुळे झाले, तर त्याला खोटे कसे पाडाल?’ पाडता येत नाही. हे कळले की पृष्ठभागाखेरीज सगळे सारखे करून पुन्हा सोडा आणि ‘आता पाडता येईल का?’ म्हणून विचारा. मग उंचीसाठीची तुलना मुलांनी रचायची, तुम्ही फक्त ऐकायचे.

निकाल बरोबर आला तरी रचना चुकीची असू शकते, हे एकदा तरी दाखवाच. कापडावरचा चेंडू कमी जातो हे खरेच आहे, पण वाईट तुलनेने ते सिद्ध झाले नव्हते.

चेंडू हाताने सोडला की नकळत ढकलला जातो. समोर आडवी पट्टी धरा आणि ती सरळ वर उचला. प्रत्येक मांडणीच्या किमान तीन फेऱ्या, आणि तीन आकडे वेगळे आले तर मधला घ्या. फेऱ्यांमधला फरक दोन मांडण्यांमधल्या फरकाएवढाच निघाला तर ‘अजून सांगता येत नाही’ हे उत्तर पूर्ण गुणांचे.

मधली_सुट्टी

मनापासून आभार, यातले बरेच लगेच वापरता येईल. एक शंका राहते. मोठी मुले निकाल जुळला नाही की ‘प्रयोग चुकला’ म्हणतात आणि पुस्तकातले उत्तर लिहून मोकळी होतात. आणि कधीकधी प्रयोग खरोखरच चुकलेला असतो! तेव्हा काय करायचे?

लंबक

‘प्रयोग चुकला’ हाही एक दावाच आहे, आणि तो तपासता येतो. ‘कशामुळे चुकला, आणि तसे असेल तर काय बदलल्यावर निकाल बदलेल?’ याचे उत्तर दिल्याशिवाय तो शेरा वहीत चालणार नाही, असा नियम करा.

छोटे उदाहरण. दोन सेल, टॉर्चचे दोन बल्ब एकामागून एक. पुष्कळ मुलांना वाटते की पहिला बल्ब वीज ‘खातो’, दुसऱ्याला कमी उरते. दोन्ही सारखे उजळायला हवेत, पण बल्ब तंतोतंत सारखे नसतात, एक मंद दिसतो, आणि चुकीची समजूत पक्की होते. उपाय: दोन्ही बल्बांची जागा अदलाबदल करा. मंदपणा बल्बाबरोबर गेला तर दोष बल्बाचा. जागेवरच राहिला तर प्रश्न जागेचा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पण ‘चुकला’ या शब्दाला पुरावा मिळतो. सेल एकच घेतलात तर दोन्ही इतके मिणमिणते की फरक कळत नाही.

मोठे उदाहरण मेणबत्तीचे, आणि यासाठी पूर्ण तास द्या. ताटलीत रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून ग्लास पालथा. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढते. ‘हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन, तो जळला, ती जागा पाण्याने घेतली’ हे स्पष्टीकरण सगळीकडे सांगितले जाते. ते चुकीचे आहे. पाणी चढते ते मुख्यतः आतली तापलेली हवा विझल्यावर थंड होऊन आकसते म्हणून.

हे सांगू नका. फळ्यावर दोन्ही स्पष्टीकरणे लिहा आणि विचारा, कोणते खरे असेल तर काय दिसेल? ऑक्सिजन संपल्यामुळे असेल तर पाणी ज्योत जळत असतानाच हळूहळू चढेल आणि विझली की थांबेल. मेणबत्त्या एक असो वा तीन, चढ तेवढाच. हवा आकसल्यामुळे असेल तर ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतील, बराचसा चढ ज्योत विझल्यानंतर येईल, आणि तीन मेणबत्त्यांना जास्त चढेल. मग पेटवा.

पाणी दीड सेंटीमीटर, मेणबत्ती ५-६ सेंटीमीटर, ग्लास तिच्यापेक्षा चारेक सेंटीमीटर उंच. काठाखाली दोन वॉशर ठेवायला विसरू नका, नाहीतर ग्लास ताटलीला चिकटून बसतो आणि पाणी आत जातच नाही. बाहेरून अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरच्या खुणांची कागदी पट्टी. एकाने ज्योत विझताक्षणी ‘आता’ म्हणायचे, दुसऱ्याने त्या क्षणी पाणी कुठे आहे ती खूण करायची, तिसऱ्याने मिनिटानंतरची. ग्लास ज्योतीवर धरून ठेवल्यास हवा जास्त तापते, म्हणून सगळ्यांनी एकाच वेगाने, थेट खाली ठेवायचा. केस बांधलेले, बाह्या वर, मोठे माणूस शेजारी, आणि ग्लास लगेच उचलायचा नाही, वरून तापलेला असतो.

कोणी म्हणेल, मग हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन हे खोटे? नाही, ते खरेच आहे, सुमारे २१ टक्के. त्याचा पुरावा मात्र मेणबत्ती देत नाही, ती ऑक्सिजन पूर्ण संपायच्या आधीच विझते. पुरावा हवा तर भांडी घासण्याची लोखंडी लोकर व्हिनेगरने धुऊन, ओलसर अवस्थेत परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवा आणि नळी पाण्यात उलटी उभी करा. लोकर गंजते, ऑक्सिजन वापरला जातो, आणि एक-दोन दिवसांत पाणी सुमारे एक पंचमांश उंचीपर्यंत चढते. स्टेनलेस स्टीलची घासणी घेतली तर ती गंजत नाही आणि काहीच होत नाही. दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून विचारा: उत्तर दोन्हीकडे जवळपास तेच वाटते, मग पुरावा फक्त एकीकडे का?

खडू_फळा

फरक पडला हे कशावरून ओळखायचे, याबद्दल. शिकवलेल्याच साहित्यावर परीक्षा घेऊ नका, मुले पाठ केलेली मांडणी करतात. तीन आठवड्यांनी नवे साहित्य द्या आणि दुसऱ्या कोणाचा सदोष प्रयोग दाखवा.

८-१० आणि १३-१५, दोन्हींना कागदी भिरभिरे चालते. ए-फोर कागदाची चौथाई उभी पट्टी, वरचा निम्मा भाग मधोमध चिरून दोन पाती विरुद्ध बाजूंना दुमडायची, खाली पेपरक्लिप. दोन मीटरवरून सोडले तर जमिनीवर यायला इतका थोडा वेळ लागतो की स्टॉपवॉच दाबण्यातली चूकच मोठी ठरते. म्हणून दोन भिरभिरी एकदम सोडायची आणि आधी कोणते टेकले तेवढेच पाहायचे.

कागदावर लिहून द्या: ‘एका गटाने एका भिरभिऱ्याची पाती कात्रीने अर्धी केली. ते आधी खाली आले. गट म्हणतो, छोटी पाती म्हणजे लवकर खाली. हे यावरून म्हणता येईल का?’ उत्तराला चार मिनिटे, तोंडी नाही, लेखी.

‘हो’ लिहिले तर अजून काम बाकी आहे. ‘नाही, तीन वेळा करायला हवे’ हे त्याच्या पुढचे. ‘पाती कापली म्हणजे वजनही कमी झाले’ हे लक्षात आले तर तुलना समजली. आणि ‘कापू नका, पात अर्ध्यात दुमडून चिकटवा, म्हणजे वजन तेवढेच राहील’ असे कोणी लिहिले, तर त्या मुलाला लगेच कागद आणि क्लिप द्या आणि करून दाखवू द्या. चिकटवायला चिकटपट्टी वापरली तर तेवढाच तुकडा दुसऱ्या भिरभिऱ्यालाही लावतो का, ते पाहा.